टिचकीने दोरे बदलले नव्हते

छत्रपती संभाजीनगर,
ऑक्टोबर, मंगळवार दुपार

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. अण्णा ठणठणीत आहेत, सकाळीच दोन वाट्या वरणभात जेवले आणि मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर डाफरले. फोन सोडून पत्र लिहायला बसले त्याचं कारण एवढंच की फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही. मी आवाज चढवला की तू टिचकी खारीचा आवाज काढतोस, मला हसू फुटतं, आणि सगळा राग वाया जातो. गेली तीस वर्षं तू माझे राग असे फुकट घालवत आला आहेस. हा राग मला फुकट घालवायचा नाही. कागदावर तुला आवाज काढता येत नाही, तेव्हा निमूटपणे शेवटपर्यंत वाच.

रविवारी आम्ही घरच्या सगळ्यांनी तुझ्या 'धोंड्या-टिचकी' कार्टूनचा नवा भाग बघितला. श्रेयाने आठवडाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. सात वर्षांची नात तुझ्या जुन्या भागांवर वाढलेली, तिला धोंड्या वानर आणि टिचकी खार म्हणजे शेजारच्या बंगल्यात राहणारी माणसं वाटतात. किल्ल्याखालच्या एका सीताफळाच्या झाडावरून ही दोघं जन्मभर का भांडतात, हे तू इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतंस, आणि आता सांगणार म्हणून जाहिरात केली होतीस. दोघांचं लहानपण दाखवणार! सुनेने पोहे केले, अण्णांना आरामखुर्चीसकट टीव्हीपुढे आणून बसवलं, त्यांच्या कानातलं यंत्र नीट लावलं. मी पहिल्या रांगेत. मला वाटलं, आता आपली मजा आहे.

आणि तू काय दाखवलंस? पहाटेची वेळ. एवढीशी टिचकी, दोन रिबिनी बांधलेली, चोरपावलांनी फांदीवर जाते. सगळ्यात मोठ्या सीताफळाला धोंड्याने बांधलेला तांबडा दोरा सोडते, तिथे आपली पांढरी दोरी बांधते आणि तोंडावर हात ठेवून हसते. सकाळी धोंड्या ओरडतो, चोर चोर म्हणतो, तर ते म्हातारं घुबड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, धोंड्यालाच झोडपून काढतं. झालं. तिथून म्हणे वैर सुरू झालं. दादा, माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली पोह्यांची बशी मी तशीच खाली ठेवली.

श्रेयाने मान वळवून मला विचारलं, आजी, म्हणजे टिचकी चोर होती? मी काय सांगणार? तिच्या दप्तरावर टिचकी, तिच्या डब्यावर टिचकी. संध्याकाळी खाली खेळायला जाताना तिने जाहीर केलं की आजपासून मी धोंड्या. सोमवारी सकाळी पोळ्या करायला आलेल्या आशाबाई लाटणं हातात धरून म्हणाल्या, "बाई, तुमची टिचकी लई चोरटी निघाली व्हय! म्या तर तिला गरीब समजत व्हते." तुमची टिचकी! बघ, तीस वर्षांत ती माझी झालेली आहे. शाळेत मी गणित शिकवायचे, पण फळ्यावर कुणीतरी रोज खार काढून ठेवायचं. माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जमलेल्या लोकांनी मला 'टिचकीबाई' म्हणून ओवाळलं. यंदा निवृत्त झाले तेव्हा मुलींनी दिलेल्या शालीवरसुद्धा खार विणलेली होती. तू मला कधी विचारलंस का, सरू, तुला टीव्हीवर आणू का म्हणून? नाही विचारलंस. मीही कधी तक्रार केली नाही, कारण टिचकी आगाऊ होती, तोंडाळ होती, पण लबाड नव्हती. धोंड्या शक्ती लावायचा, ती डोकं लावायची. एवढ्या भागांत तिने एकदाही खोटं बोलून फळ मिळवलं नाही. मला त्याचा अभिमान होता, आज सांगते.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. म्हटलं असतं, कथाकाराला काहीतरी भानगड लागतेच. पण परवा रात्रीच शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीने तुझी मुलाखत पाठवली. त्यात तू मांडीवर थाप मारून हसतोस आणि सांगतोस की हा प्रसंग मनाचा नाही, आमच्या घरातलाच आहे, माझी बहीण रोज पहाटे माझे दोरे बदलायची, मार मला बसला, पन्नास वर्षांनी का होईना सूड घेतला. बाकी सगळे हसले. मी ती मुलाखत परत लावून बघितली. तू हसत होतास, पण ते हसू मला ओळखीचं आहे. लहानपणी गुडघा फुटला आणि रडायचं नसलं की तू असाच हसायचास. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा गंमत करत नाहीये. हा खरंच तसं समजतोय. माझ्या लग्नात करवल्यांना तू सांगितलंस, हिच्या हातात दोरे देऊ नका. घराच्या चाव्या मी कुठे ठेवल्या हे आठवेना तेव्हा म्हणालास, बदलल्या असतील तिने. मी प्रत्येक वेळी हसले. मला वाटत होतं, आपण दोघं एका जुन्या विनोदावर हसतोय.

तर आता माझ्याकडून ऐक. दौलताबादला पोस्टाच्या क्वार्टरमागे आपल्या परसात ते एकच झाड होतं. पावसाळा सरता सरता फळांचे डोळे उघडायला लागायचे, खवल्यांमधल्या रेघा पिवळट व्हायच्या, आणि मग आपली धांदल. नियम आईने घालून दिला होता. ज्याला फळ आधी दिसेल त्याने त्याला आपला दोरा बांधायचा, दोरा बांधला की ते फळ त्याचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. उतरवलं की आई ते ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवायची आणि पिकलं की ज्याचं त्याला द्यायची. तुझा दोरा देवाच्या पूजेतला तांबडा नाडा. माझी दोरी टपालाच्या थैल्यांची, अण्णा ऑफिसातून तुकडे आणायचे त्यातली, पांढरी. तू दहा वर्षांचा, उंच, सरसर चढणारा. मी आठ वर्षांची, दम लागणारी. मोठी फळं वरच्या फांद्यांना लागायची. आता सांग, कुणाच्या दोऱ्याला मोठी फळं मिळणार होती?

आणि आईचं तर तुला ठाऊकच आहे. ती गेली, तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, पण खरं लिहायला बसलेय म्हणून लिहिते. दुधावरची साय तुझी, तूप आधी तुझ्या भातावर, मग उरलं तर माझ्या. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, त्या काळी कुणालाच वाटत नव्हतं. मला वाटायचं, पण मी बोलायचे नाही. म्हणूनच त्या वर्षी सीताफळांच्या दिवसांत सकाळी सकाळी मी झाडाखाली गेले आणि वरच्या फांदीवरच्या भल्यामोठ्या फळाला माझी पांढरी दोरी दिसली, तेव्हा मला काय वाटलं असेल? मी तिथे चढलेच नव्हते. माझा हातसुद्धा पोचत नव्हता. दुसऱ्या दिवशी आणखी एका फळाला. मी विचार केला आणि माझ्या परीने उत्तर काढलं. तिथवर चढणारं घरात एकच माणूस आहे, म्हणजे हे दादाचंच काम. दादा आईसमोर देऊ शकत नाही, म्हणून गुपचूप देतोय. दिवसा मला चिडवतो, वेणी ओढतो, आणि पहाटे उठून आपली फळं माझ्या नावावर करतो. दादा, त्या वर्षी मी तुझ्यावर जेवढी माया केली ना, तेवढी पुढे कुणावर केली नाही. मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू लाजून बंद केलं असतंस.

म्हणून ज्या सकाळी तू सगळ्यांदेखत मला चोर म्हणालास, तेव्हा मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आई दारात उभी होती. मला वाटलं, आईने याला विचारलं असणार, तुझी फळं कमी कशी, आणि आता हा स्वतःला वाचवायला कांगावा करतोय. तू माझ्यासाठी केलंस ते मी आईपुढे उघडं कसं पाडू? मी खाली मान घालून उभी राहिले. मग अण्णा ऑफिसातून आले, लाकडी रूळ घेऊन. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता, झुरळ मारायलासुद्धा ते आईला हाक मारायचे. त्या दिवशी त्यांनी तुला परसात मारलं. बहिणीला चोर म्हणतोस, म्हणत मारलं. शेजारच्या लक्ष्मीबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, तरी थांबले नाहीत. मग तुला माझी माफी मागायला लावली. तू मागितलीस. त्यानंतर तू कधी सीताफळाला तोंड लावलं नाहीस. आम्ही म्हणायचो, याला ते फळ बाधतं.

हे सगळं माझ्या डोक्यात असंच जपून ठेवलेलं होतं. तू चांगला, मी गप्प, अण्णांचं एकदाच डोकं फिरलेलं. परवा रात्री तुझ्या मुलाखतीने ते सगळं उधळून लावलं. तू बदलत नव्हतास, मी बदलत नव्हते. मग मला तुझा भाग परत बघावासा वाटला. काल आमचा पाण्याचा दिवस होता, आठवड्यातून एकदा येणारं पाणी, सकाळपासून टाक्या भरायच्या म्हणून मी घरीच होते, सून आणि मुलगा कामावर. मी टीव्ही लावला. अण्णा शेजारी खुर्चीत. पहाटेचा तो प्रसंग आला, टिचकीने दोरी बांधली, आणि तू फळ जवळून दाखवलंस. मी चित्र तिथेच थांबवलं.

दादा, ती गाठ तू कुठून काढलीस? मला तेव्हा रिबिनीचं फूलसुद्धा धड बांधता येत नव्हतं, आई बांधायची. मी फळाला दोरी नुसती गुंडाळायचे आणि टोक आत खोचून द्यायचे, ती वाऱ्याने सुटायची म्हणून तू मला हसायचास. तू काढलेली गाठ चपटी आहे. दोन वेढे, दोरी खालून वर काढलेली, टोक दाबून वेढ्याखाली लपवलेलं, म्हणजे कुणी ओढलं तरी सुटायला नको. लाखेचा शिक्का मारण्याआधी टपालाच्या थैलीचं तोंड अशा गाठीने बांधत. ऑफिसच्या पायरीवर बसून आपण दोघं रोज संध्याकाळी ती बघायचो. ती बांधणारा माणूस त्या घरात एकच होता. तुझ्या डोळ्यांनी ती गाठ तेव्हा टिपली, पन्नास वर्षं जपली, आणि तुझ्या हाताने ती जशीच्या तशी काढली. तुझं डोकं मात्र माझ्याकडेच बोट दाखवत राहिलं. चित्र काढताना तू स्वतःला एकदाही विचारलं नाहीस का रे, की आठ वर्षांच्या पोरीला ही गाठ कुणी शिकवली?

मी अण्णांकडे वळले. ते टीव्हीकडेच बघत होते. त्यांना वाकून बघावं लागत नाही, पडदा मोठा आहे. ते म्हणाले, "पोराने अगदी बरोबर काढलीय." मोटर बंद करायला मी उठले, टाकी वाहायला लागली होती. परत आले तर ते स्वतःहून सांगायला लागले. तुझ्या ताटात काय पडतं आणि माझ्या ताटात काय पडतं हे त्यांना दिसत होतं. आईला बोलायची हिंमत नव्हती. ती घर चालवायची, ती म्हणेल ती पूर्व दिशा, आणि त्यांना घरात शांतता हवी असायची. म्हणून पहाटे सायकल बाहेर काढायच्या निमित्ताने ते परसात जायचे, शिडी लावायचे आणि एक-दोन दोरे बदलून यायचे. त्यांना वाटलं, पोरांच्या ध्यानात येणार नाही. तुझ्या आलं. तू ओरडलास, आई दारात येऊन उभी राहिली, आणि आता ही विचारणार या भीतीने त्यांनी रूळ उचलला. मी विचारलं, तो खरं बोलतोय हे माहीत असून तुम्ही त्याला मारलंत? ते हो म्हणाले. मी विचारलं, एवढं? ते म्हणाले, एकदा सुरू केल्यावर थांबलो असतो तर तुमच्या आईने कारण विचारलं असतं.

मला रडू आलं नाही, संताप आला. त्यांचाही आणि तुझाही. ते शहाऐंशी वर्षांचे आहेत म्हणून मी त्यांना सूट द्यायची का? माझ्यासाठी त्यांनी फळं चोरली, तेवढं प्रेम मला उघड दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? मी जन्मभर समजत राहिले की या घरात माझी बाजू घेणारा फक्त माझा भाऊ आहे. आणि तो भाऊ मला चोर समजत होता! तू निदान एकदा, मोठे झाल्यावर, चहा पिता पिता मला विचारायचं होतंस, सरू, दोरे तूच बदलायचीस का? मी नाही म्हटलं असतं. आपण दोघांनी एकमेकांकडे बघितलं असतं आणि तिथल्या तिथे अण्णा सापडले असते. पण तू विचारलं नाहीस, तू त्याचं कार्टून केलंस. भरपूर पैसे आणि दोन पुरस्कार मिळवलेस, आणि मी शाली घेत फिरले.

आता हे पत्र मी का लिहितेय ते सांगते. हा कागद मी आणलेला नाही, अण्णांनी आणलाय. आज सकाळी त्यांनी श्रेयाच्या वहीतली पानं फाडली, माझ्यापुढे ठेवली, पेनचं टोपण काढून दिलं आणि म्हणाले, दादाला लिही की दोरे मी बदलले होते, माफ कर. मी म्हटलं, 'मी' म्हणजे कोण, तुम्ही? ते म्हणाले, तू. तू बहीण आहेस, तो हसेल आणि सोडून देईल. मला तो सोडणार नाही. माझे किती दिवस राहिलेत, तेवढे त्याच्या नजरेतून न उतरता जाऊ देत, तू एवढं कर माझ्यासाठी. मी खोलीचं दार लावून लिहायला बसले तेव्हापासून ते गॅलरीत बसून आहेत. मघाशी दारावर टकटक करून त्यांनी विचारलं, लिहिलंस? मी सांगितलं, हो, लिहिलं. त्यांना बरं वाटलं, त्यांनी चहा मागितला, मी करून दिला. दादा, त्यांनी मला आठव्या वर्षी सांगितलं असतं तर मी तुझ्यासमोर चोर म्हणून उभी राहिले असते, त्यांच्यासाठी हसत राहिले असते. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी मी राहणार नाही. मार तुला बसला होता. त्याची माफी त्यांनी त्यांच्या तोंडाने मागायला हवी, आणि ती द्यायची की नाही हे तू त्यांच्याकडे बघून ठरवायला हवंस. माझ्या सहीने हे मिटणार नाही. शनिवारी निघून ये. आधी कळवू नकोस, नाहीतर ते झोपल्याचं सोंग घेतील. दार मी उघडेन, तुला त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसवेन, श्रेयाला घेऊन खाली जाईन, आणि तुम्ही दोघं हाक मारल्याशिवाय वर येणार नाही.

तुझीच,
जिने काहीही बदललं नव्हतं ती,
सरू